अर्धा पासवर्ड

गुणाजीच्या घरी लग्न नव्हतं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण भर आषाढात पेण तालुक्यातल्या निदान चारशे माणसांचा तसा ठाम समज झाला होता आणि काहींनी तर आहेराचं पातळही घेऊन ठेवलं होतं. आषाढात मुहूर्त कुठला, असा प्रश्न एकालाही पडला नाही. फुकटच्या जेवणापुढे पंचांग कोण बघतो?

झालं होतं ते एवढंच. एस.टी.तून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेल्या गुणाजीच्या मोबाइलवर एक लग्नपत्रिका आली. पाठवणारा अनोळखी होता. पण गुणाजीने जन्मात कुणाच्या लग्नाचं आमंत्रण नाकारलेलं नाही. त्याने पत्रिका उघडली. पत्रिकेने मोबाइलात शिरायची परवानगी मागितली, ती त्याने दिली. पुढच्या मिनिटाला तीच पत्रिका गुणाजीच्या नावाने त्याच्या फोनमधल्या झाडून सगळ्यांना गेली. त्यात दोन सरपंच होते, दातांचा डॉक्टर होता, आणि ज्यांचा नंबर काढायचा राहून गेला होता असे तीन दिवंगतही होते. संध्याकाळपासून फोन सुरू झाले. गुणाजीच्या दोन्ही मुलींची लग्नं होऊन नातवंडं शाळेत जात होती, त्यामुळे लग्न गुणाजीचंच असावं असाही एक तर्क निघाला. थोरल्या भावाने तर बोलणंच टाकलं. लग्नाबद्दल त्याची तक्रार नव्हती. अक्षत घेऊन दारी यायचं सोडून सख्ख्या भावाला मोबाइलवर बोलावलं, हे त्याला लागलं होतं.

गुणाजीचं दुःख आठवड्यात ओसरलं. शेजारच्या महिपतीचं मात्र तिथून सुरू झालं.

महिपती हा सुरक्षेचा माणूस. नागोठण्याजवळच्या एका मोठ्या कंपनीत त्याने एकतीस वर्षं शिफ्ट केली. आपल्या शिफ्टमध्ये कुणाचं नखही तुटलं नाही, असं तो सांगत असे. निवृत्तीनंतर ही सगळी सुरक्षा घरी आली. गॅसच्या सिलिंडरला ‘चालू’ आणि ‘बंद’ अशा पाट्या लागल्या. जिन्याला पिवळे पट्टे मारले गेले. सुरीने भाजी चिरताना जाड हातमोजे घालायचे, असा एक प्रयत्न झाला. पण बायकोने, म्हणजे नम्रताने, ते मोजे घालून पहिल्याच दिवशी जी भेंडी वाढली, तिच्यानंतर तो विषय निघाला नाही.

घराला लागूनच गणपतीचा कारखाना होता. कारखाना महिपतीच्या वडिलांचा. महिपती कंपनीत गेल्यामुळे तो चालवला सुनेने. सासऱ्यांनीच तिला आखणी शिकवली. आखणी म्हणजे मूर्तीचे डोळे काढणं. सगळं रंगकाम आटोपल्यावर शेवटी करायचं काम. हात हलला की देव बिघडला. पस्तीस वर्षांत नम्रताचा हात हललेला नव्हता. पेणमध्ये मोठमोठे कारखाने आहेत, मूर्ती परदेशी जातात. या कारखान्यातून फक्त घरगुती गणपती जात, दोनशेच्या आसपास. पण गिऱ्हाईक तीन पिढ्यांचं. श्रावण लागला की जो तो आपला पाट आणून ठेवायचा आणि जाताना म्हणायचा, “गेल्या वर्षीसारखाच.”

या दोन शब्दांवर सगळा धंदा उभा होता. गेल्या वर्षीसारखाच म्हणजे शेला त्याच रंगाचा, पितांबर तसंच, उंदीर उजवीकडे असेल तर उजवीकडेच. एका वर्षी वडखळच्या एका घरात निळ्या शेल्याऐवजी हिरवा गेला, आणि त्या वर्षी त्यांची म्हैस मेली. त्यानंतर पुण्याला नोकरी करणाऱ्या मुलीने, पिंकीने, एक कॉम्प्युटर आणून दिला आणि दर वर्षी प्रत्येक मूर्तीचा फोटो, पाटाच्या मालकाच्या नावानिशी, त्यात ठेवायची सोय केली. अकरा वर्षांचे गणपती त्या पेटीत सुखाने नांदत होते.

गुणाजीच्या लग्नानंतर (आता त्याला तसंच म्हणतात) पेणच्या एका शाळेत सायबर सुरक्षेवर व्याख्यान झालं. महिपती पहिल्या रांगेत वही घेऊन बसला. व्याख्यान देणाऱ्या बाई चांगलं बोलल्या. पासवर्ड लांब ठेवा, कुठे लिहू नका, ओटीपी कुणाला देऊ नका, आता तर लोक आवाजाचीही नक्कल करतात, तेव्हा आवाज ओळखीचा वाटला तरी खात्री करून घ्या. शेवटी त्यांनी एक पत्रक वाटलं. त्यावर शेवटचं कलम होतं, ‘महत्त्वाच्या गोष्टींची दुसरी प्रत सुरक्षित ठेवावी.’ महिपतीने ते वाचून त्यावर काट मारली. एकीकडे कुलूप लावायला सांगायचं आणि दुसरीकडे चावीची नक्कल करून ठेवायला सांगायचं, ही त्याला छपाईची चूक वाटली.

त्याने कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या अमोलला बोलावून घेतलं आणि आतल्या सगळ्या फोटोंना मिळून एक भक्कम कुलूप घालायला सांगितलं. अमोलने ते घातलं आणि अठ्ठेचाळीस आकड्यांचा एक कागद छापून हातात दिला. पासवर्ड विसरलात तर एवढाच आधार, हा गेला तर मीच काय, कोणीच काही करू शकत नाही, असं त्याने दोनदा सांगितलं. महिपतीला हे फार आवडलं. कोणीच काही करू शकत नाही, असंच कुलूप त्याला हवं होतं. अमोलची पाठ फिरताच त्याने तो कागद फाडून कागदाच्या लगद्याच्या टबात टाकला, कारण पासवर्ड कुठे लिहून ठेवू नये असं पत्रकातच होतं. त्या लगद्याच्या पुढे बावीस छोट्या मूर्ती झाल्या. त्यांपैकी कुठल्या गणपतीच्या पोटात ते आकडे आहेत, हे एक त्या गणपतीलाच ठाऊक.

पिंकीने फोटो इंटरनेटवरही ठेवले होते, ते महिपतीने काढून टाकले. अडीअडचणीला म्हणून तिचा नंबर दिलेला होता, तोही काढला. पिंकी फोनवर म्हणाली की बाबा, बॅकअप तेवढा ठेवा. बाबांनी तिला सुरक्षेवर अर्धा तास ऐकवलं.

आता राहिला पासवर्ड. इथे महिपतीला कंपनी आठवली. कंपनीत एखाद्या मशीनवर काम चाललं असलं की तिथे काम करणारा प्रत्येक माणूस स्विचला आपापलं कुलूप लावतो आणि चावी आपल्या खिशात ठेवतो. पाच माणसं असली तर पाच कुलपं. शेवटचा माणूस आपलं कुलूप काढत नाही तोवर मशीन हलत नाही. या पद्धतीने एकतीस वर्षं माणसं जिवंत राहिली होती, तर गणपतीचे फोटो का राहणार नाहीत? त्याने ठरवलं की अर्धा पासवर्ड आपण टाकायचा, अर्धा नम्रताने. एकाला कुणी फसवलं तरी चोराच्या हाती अर्धाच लागेल.

नम्रता शाडूचे हात धुऊन आली. महिपतीने तिला समजावलं की असा शब्द घाल, जो या घरात कुणाला म्हणजे कुणाला ठाऊक नाही. तिला विचार करायला वेळ लागेल म्हणून तो चहा ठेवायला निघाला, तेवढ्यात तिने शब्द टाकलासुद्धा.

“झाला?” त्याने विचारलं.

“झाला.”

“कुणाला सांगायचा नाय. मी मागितला तरी नाय. फोनवर तर नायच नाय. माझा आवाज आला तरी तो मी नसंन, असं समजायचं.”

“बरं,” नम्रता म्हणाली. ती कमी बोलणारी बाई होती, आणि बरं म्हटलं की ते बरंच असायचं.

त्या दिवसापासून रोज सकाळी एक विधी होऊ लागला. महिपती खुर्चीत बसून आपला अर्धा टाकायचा. तेव्हा नम्रता दाराकडे बघायची. मग नम्रता बसायची आणि महिपती भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. पाट घेऊन आलेली गिऱ्हाइकं हे बघायची आणि काहीतरी व्रत असेल म्हणून चपला काढून थांबायची. महिपतीने गिऱ्हाइकांच्या ग्रुपवरही एक सूचना टाकली, की कारखान्याच्या नावाने कुणी फोटो किंवा माहिती मागितली तर देऊ नये, आवाज ओळखीचा असला तरी देऊ नये. खाली गुणाजीने हात जोडलेले टाकले.

चतुर्थीला दहा दिवस उरले असताना रोह्याहून निरोप आला. नम्रताची आई, सीताबाई, घरात पडल्या होत्या. हाड मोडलं नव्हतं, पण त्यांनी अंथरूण धरलं होतं आणि माणसं ओळखेनाशा झाल्या होत्या. नम्रता दोन लुगडी पिशवीत घालून दुपारच्या गाडीने गेली. जाताना तिने आपला अर्धा टाकून कॉम्प्युटर चालू करून दिला. तो बंद करायचा नाही असं ठरलं. महिपतीने त्याच्यावर पाटी लावली, ‘चालू आहे, हात लावू नये.’

पाटी बघून माणसं थांबतात. दुसऱ्या दिवशी अकरा वाजता लाईट गेली.

तेव्हा कारखान्यात एकसष्ट मूर्ती पांढऱ्या बसल्या होत्या आणि त्या सगळ्या ‘गेल्या वर्षीसारखाच’ मधल्या होत्या. रंगाची गन हातात धरून मिथुन उभा होता. हा मिथुन पंधरा वर्षं रंगकाम करत होता, पण त्याची नजर पुढच्या मूर्तीवर असायची. मागची मूर्ती तो अंघोळ केल्यासारखी विसरायचा. त्याने विचारलं की शेले कुठल्या रंगाचे घेऊ. महिपतीने त्याला जेवायला पाठवलं.

लाईट आल्यावर त्याने नम्रताला फोन केला. आणि या फोनबद्दल त्याला पुढे अनेकांनी अनेकदा विचारलं, म्हणून तो जसा झाला तसा इथे देतो.

“अगो, लाईट गेली होती. तुझा अर्धा सांग.”



“तुमी कोण?” नम्रताने विचारलं.

“मी. महिपती.”

“कशावरून?”

महिपतीला एका बाजूने अभिमान वाटला. शिकवलेलं माणसाने असं पाळावं. तो म्हणाला, काय ते विचार. तेव्हा तिने विचारलं की आपल्या लग्नात पंगतीला गोड काय होतं. महिपतीने क्षणाचाही विलंब न लावता जिलबी सांगितलं.

“लापशी होती,” नम्रता म्हणाली. “मग तुमी ते नाय.” आणि तिने फोन ठेवला.

गुणाजी शेजारी बसून ऐकत होता. लग्न या विषयात आता त्याचा शब्द शेवटचा मानला जाई. तो म्हणाला, लापशीच होती, मी तीनदा घेतली. मग त्याने सल्ला दिला की बायकांचे पासवर्ड ठरलेले असतात, आपण ओळखू. दोघांनी ओळखायला सुरुवात केली. पिंकीचं नाव टाकलं. नातवाचं टाकलं. तिच्या भावाचं, काळुरामचं टाकलं. रोह्याच्या ग्रामदैवताचं, धावीर महाराजांचं टाकलं. दर पाच चुकांनंतर मशीन रुसायचं आणि अर्ध्या तासाने परत या म्हणायचं. त्या अर्ध्या तासात गुणाजी पुढचे पाच शब्द काढायचा. तिला आवडणारी भाजी कुठली, असं त्याने विचारलं. महिपतीने विचार केला. वांगं, तो म्हणाला. मग त्याला वाटलं की वांगं आपल्याला आवडतं. आवडतं फूल? आवडता रंग? शाळेतली मैत्रीण? पासवर्ड मिळत नव्हता, हे एक झालं. पण प्रत्येक प्रश्नाला आपल्याकडे उत्तर नाही, हे गुणाजीसारख्या माणसासमोर उघडं पडत होतं. गुणाजीने ते ओळखलं, आणि सुपारी कातरत उगाच एस.टी.च्या जुन्या गाड्यांचा विषय काढला.

अमोलने पाहून कागद मागितला. कागद कुठे आहे ते महिपतीने सांगितलं. अमोलने बावीस मूर्तींकडे पाहिलं, त्यांना नमस्कार केला आणि तो गेला. पनवेलच्या एका सेंटरला फोन लावला, तर तिथल्या मुलीने खरेदीची पावती, मालकाचं आधार कार्ड आणि स्वतः मालक, असं तिन्ही घेऊन यायला सांगितलं. मालक म्हणून पिंकीने आईचं नाव टाकलं होतं. मालकाचे पती चालतील का, असं महिपतीने विचारलं. चालणार नाहीत, असं उत्तर आलं.

मग गिऱ्हाइकांनाच गेल्या वर्षीचे फोटो मागावेत, असा साधा विचार त्याला सुचला. त्याने एकामागून एक फोन केले. जिते गावच्या माणसाने शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, आवाज अगदी महिपतीसारखा काढतोस, पण आमाला महिपतीनंच सावध केलंय. दुसऱ्याने त्याला दोन शिव्या दिल्या. ज्यांनी विश्वास ठेवला, त्यांच्या फोटोंत समोर सगळं कुटुंब उभं होतं, मागे हार, लाईटच्या माळा आणि मखर, आणि या सगळ्याच्या मधून सोंडेचं टोक दिसत होतं. संध्याकाळपर्यंत सव्वीस जणांनी त्याला ब्लॉक केलं. ग्रुपवर कुणीतरी त्याचाच नंबर टाकून लिहिलं की हा चोर आहे, उचलू नका. खाली गुणाजीचे हात जोडलेले होतेच. सवयीने टाकले, असं त्याने नंतर सांगितलं.

त्या रात्री महिपती जेवला नाही. एकसष्ट घरांत दीड दिवस, पाच दिवस, कुठे दहा दिवस देव बसणार होता, आणि तो कुणाचा तरी भलताच देव असणार होता. वडिलांच्या कारखान्याला सत्तर वर्षांत असं बोलणं खावं लागलं नव्हतं. चोरापासून वाचवायला म्हणून आपण सगळं घरातल्या माणसांपासूनच बंद करून ठेवलं, हे त्याला कळत होतं आणि ते कुणाला सांगताही येत नव्हतं.

सकाळी तो रोह्याच्या गाडीत बसला. नागोठणं आलं, खिडकीतून कंपनीची धुराडी दिसली, आणि त्याला एक जुनी गोष्ट आठवली. एकदा एक फिटर आपलं कुलूप लावून चुकून तसाच गावी निघून गेला होता. मशीन अडलं, लाखाचं काम थांबलं. पण साहेबाने कुलूप तोडू दिलं नाही. जीप काढून त्या फिटरच्या गावी माणूस पाठवला. नियम असा होता की समोरासमोर उभं राहायचं, त्या माणसाचं पूर्ण नाव घ्यायचं आणि विचारायचं, तुझं कुलूप काढू का. तो हो म्हणाला तरच काढायचं. महिपतीला बरं वाटलं. आपण भीक मागायला चाललो नाही, नियमाने चाललो आहोत.

काळुरामचं घर स्टेशनपासून जवळ होतं. त्याने दाजी म्हणून पुढे होऊन पिशवी घेतली, पाणी दिलं. आतल्या खोलीत सासूबाई खाटेवर होत्या. चांगल्या उंच्यापुऱ्या बाई आता अंथरुणात मावून वर जागा उरली होती. महिपती वाकला तर त्यांनी त्याच्याकडे पाहिलं आणि तलाठी आलाय, त्याला बसायला दे, असं सांगितलं. महिपती बसला. काळुराम हळू आवाजात सांगू लागला, की कुणाला ओळखत नाय, माझ्याशी तर भाऊजी म्हणून बोलते, घास मात्र ताईच्याच हातचा घेते.

नम्रता मागच्या दारी लुगडी पिळत होती. तेवढ्यात म्हातारीने मान वळवून हाक मारली, “धोंडू, गो धोंडू, पाणी दे.”

महिपतीला वाटलं, शेजारची कुणी असेल. कोण ही धोंडू, असं तो काळुरामला विचारणार होता. पण काळुराम जमिनीकडे बघत होता. आणि नम्रता ओल्या हातांनी आत आली, “आले गो आये,” म्हणाली आणि तिने भांड्यातलं पाणी आईच्या तोंडाला लावलं.

तेव्हा महिपतीला आठवलं. एकदम आणि सगळं आठवलं. मांडव, ताटात पसरलेले तांदूळ, हातातली अंगठी. मुलीच्या आधीची तीन मुलं गेली होती. ही तरी जगावी, मरणाने हिला दगडधोंडा समजून सोडून द्यावं, म्हणून आईने हिचं नाव धोंडू ठेवलं होतं. महिपतीच्या वडिलांनी बैठकीतच सांगितलं होतं की असलं नाव आमच्या घरात चालायचं नाही. आणि कंपनीत नुकत्याच लागलेल्या, स्वतःला नव्या विचारांचा समजणाऱ्या महिपतीने तांदळात अंगठीने नम्रता असं लिहिलं होतं. चांगलं नाव दिलं, असं त्याला त्या दिवशी वाटलं होतं. पुढची पस्तीस वर्षंही वाटत होतं. किंवा खरं म्हणजे, त्याबद्दल त्याला पुन्हा काहीच वाटलं नव्हतं.

“जावयासमोर ते नाव घ्यायचं नाय, असं आईनं घरात बजावलं होतं,” काळुराम म्हणाला. “आमी पाच-सहा वर्षं चुकायचो. मग सवय झाली. आता आईला तेवढं एकच नाव राहिलंय.”

महिपतीला फार लाज वाटली. गुणाजीसमोर वाटली होती ती ही नव्हे. कुणी बघत नसतानाही वाटावी अशी ही होती.

दुपारी दोघं पडवीत बसली. त्याने कॉम्प्युटरचा विषय काढला नाही. नम्रतानेच विचारलं की किती मूर्ती खोळंबल्यात. त्याने आकडा सांगितला. कोणकोण काय बोललं तेही सांगितलं, शिव्यांसकट. ती थोडी हसली. म्हणाली, फोनवर आवाज ओळखला होता. पण पस्तीस वर्षांत तुम्ही मला पहिल्यांदा काहीतरी पाळायला दिलं जे माझं एकटीचं होतं, ते असं फोनवर द्यावंसं वाटेना. आईला सोडून पेणला यावं, तर ती घास घेत नाय.

“मग आज कळला ना शब्द?” तिने विचारलं.

“व्हय.”

“मग जाऊन टाका. मला कशाला विचारता?”

महिपती उठून तिच्यासमोर उभा राहिला. त्रेसष्ट वर्षांचा माणूस, हात बाजूला, कंपनीत साहेबासमोर उभा राहायचा तसा. काळुरामच्या बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून बघितलं आणि ती परत आत गेली.

“धोंडू,” तो म्हणाला. “तुझं कुलूप काढू का?”

तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते तिने पुसलं नाही.

“काढा,” ती म्हणाली.

पेणला परतल्यावर महिपतीने आपला अर्धा टाकला, मग तिचा टाकला. कॉम्प्युटर उघडला. गुणाजी बाजूलाच होता. कुठला शब्द होता, असं त्याने तीन तऱ्हांनी विचारलं, आणि महिपतीने त्याला तिन्ही वेळा चहा पाजला. त्याच दिवशी त्याने पुण्याला फोन करून पिंकीला सांगितलं की फोटोंची दुसरी प्रत तुझ्याकडे ठेव, आणि तिसरी कुठे ठेवायची तेही सांग. पिंकीने विचारलं, तुम्ही बाबाच बोलताय ना? मिथुनने पाच दिवस गन खाली ठेवली नाही. निळ्याच्या जागी निळा, हिरव्याच्या जागी हिरवा शेला आला. एकसष्ट मूर्ती रंगून डोळ्यांसाठी थांबल्या.

चतुर्थीला तीन दिवस असताना नम्रता आली. आई आता भावजयीच्या हातून पेज घेऊ लागली होती. गणपती उरकून लगेच परत जायचं ठरलं होतं. ती घरात शिरली, पाणी प्यायली आणि आखणीला बसायच्या आधी कॉम्प्युटरपाशी आली. महिपती फोटो तपासत बसला होता.

“सरका जरा,” ती म्हणाली. “शब्द दुसऱ्याला कळला का लगेच बदलायचा, तुमच्याच त्या पत्रकात हाय. नवा घालते.”

महिपती खुर्चीवरून हलला नाही. पत्रकात तसं होतं. सहावं कलम, त्याने त्याखाली लाल रेघही मारली होती.

“नको,” तो म्हणाला. “एकदा मी बदलला. तेवढा पुरे झाला.”

धोंडूने पदराला हात पुसले, बारीक कुंचला घेतला आणि पहिली मूर्ती जवळ ओढून ती डोळे काढायला बसली.